जुनी सायकल घेतलीत? टायर मागवायच्या आधी हे वाचा

मे-जून आला की होस्टेलची पोरं सायकली विकून गावी जातात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्याही तेव्हाच निघतात, आणि दोन-तीन हजारात चांगली सायकल हाताला लागते. जरूर घ्या, आम्हीही जुन्या घेऊन, तयार करून विकतोच. पण मग कोणीतरी ऑनलाइन मागवलेला टायर पिशवीतून घेऊन येतं, "फक्त बसवून द्या" म्हणतं, आणि तो बसत नाही.

कारण "२६ ची सायकल" ही एकच साइज नाहीये. जाड टायरवाल्या, गिअरच्या सायकलीला २६ × १.९५ किंवा २.१० असतो, त्याची रिम, म्हणजे टायर बसतो ते कडं, ५५९ एमएम व्यासाची. लेडीज सायकल किंवा पातळ टायरची साधी सायकल असेल तर बहुतेक वेळा २६ × १ ३/८, ती रिम ५९०. नावाला दोन्ही २६ आणि फरक जवळपास सव्वा इंचाचा! लहान टायर मोठ्या रिमवर कितीही जोर लावा चढत नाही, मोठा टायर लहान रिमवर सैल राहतो आणि हवा भरली की बाहेर येतो. आजोबांच्या काळ्या सायकलीचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५, आणि हल्लीच्या सायकलींवर ७०० सी लिहिलेली साइज असते, तिला पण लोक २८ च म्हणतात, ती ६२२.

म्हणून इंच विसरा. जुना टायर ओल्या फडक्याने पुसा, बाजूला बारीक उठावात ५०-५५९ किंवा ३७-५९० असं काहीतरी दिसेल. शेवटचे तीन आकडे जुळलेच पाहिजेत, पहिला आकडा जाडीचा, तो थोडा मागेपुढे चालतो, फक्त मडगार्डला घासायला नको. आकडे झिजले असतील तर चाक काढून घेऊन या, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नको, फोटोत सगळ्या रिम सारख्याच दिसतात.

आमच्याकडून टायर घेतला तर फिटिंग फ्री, बाहेरचा आणलात तर पैसे पडतात, आणि तो बसला नाही तरी पडतात. यावरून काही जण नाराज होतात, पण चाक खोलायचं, रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) बघायची, वर आलेली आऱ्यांची टोकं घासायची आणि शेवटी जुनाच टायर परत चढवायचा, तेवढ्या वेळात दोन पंक्चरं निघतात हो.

खरं तर टायरचा खर्च सगळ्यात शेवटी करा. आधी फ्रेम बघा. हँडलखाली जिथे नळ्या जुळतात तिथे खालच्या अंगाने बोट फिरवा, रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर बहुतेक सायकल समोरून धडकलेली आहे, फुकट दिली तरी नको. वरवरचा गंज चालतो. चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा, चाक थोडं आऊट असेल, म्हणजे डावी-उजवीकडे डुलत असेल, तर आरे आवळून निघतं, रिमच चेपली असेल तर नवी लागते. साध्या सायकलीत क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, लटपटत असेल तर बऱ्याचदा तो धरून ठेवणारी कॉटर पिन घासलेली असते, स्वस्तातलं काम आहे. गिअरवालीची चेन खूप ताणली असेल तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) सोबत बदलावं लागतं, नवी चेन झिजलेल्या दातांवर घसरते, बिल वाढवायला सांगत नाही आम्ही.

घरी पायडल काढणार असाल तर डाव्याचे आटे उलटे असतात. जोर लावून क्रँकचे आटे घालवलेत की क्रँकच बदलायची.

विकणाऱ्याकडे सायकलीचं बिल मागाच. फ्रेमचा नंबर बहुतेक सायकलींना क्रँकच्या खाली कोरलेला असतो, तो घासून काढलेला दिसला तर आम्ही सायकल कामाला घेत नाही, ओळखीचे असलात तरी.

पैसे देण्याआधी सायकल दुकानात आणून दाखवलीत तर बघायचे पैसे नाहीत. शक्यतो सकाळी या, संध्याकाळी क्लासच्या पोरांची गर्दी असते. ५५९, ५९०, ६२२, ६३५ चारही साइजचे टायर-ट्यूब दुकानात असतात, ट्यूबला साधा वॉल्व पाहिजे का गाडीसारखा तेवढं बघून या.