साडेसहा की साडेसात?

जर्मनीत फ्रायबुर्गला राहायला गेलो आणि दुसऱ्याच आठवड्यात घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं. ‘हाल्ब झीबन’, त्या म्हणाल्या. हाल्ब म्हणजे अर्धा, झीबन म्हणजे सात. मी मान डोलावली आणि साडेसातला दार वाजवलं. सूप कधीच गार झालं होतं. जर्मनमध्ये ‘अर्धे सात’ म्हणजे सातला अर्धा तास कमी, आपले साडेसहा. पुण्यात दोन वर्षं क्लास केल्यामुळे हे मला पाठ होतं. ऐनवेळी आठवलं मात्र नाही.

असं का होतं, याचं उत्तर गप्पांच्या वेगात आहे. 2009 साली दहा भाषांमधली संभाषणं मोजली गेली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पण एखाद्या चित्राचं नाव आठवून ते उच्चारायलाच मेंदूला 600 मिलिसेकंद लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. मातृभाषेत हे आपसूक होतं. परक्या भाषेत आवाज वेगळे करा, अर्थ लावा, उत्तर रचा, सगळं एकदम येऊन पडतं. वर्गात शिक्षक थांबतात, जेवणाच्या टेबलावर कोण थांबणार? मग आपण मान डोलावून मोकळे होतो.

माझ्या मते शिकणं अडतं ते इथेच. आणि खरं तर पुन्हा विचारायला लाजण्याचं काही कारणच नाही. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये बारा भाषांमधल्या घरगुती गप्पा तपासल्या. आपल्याच भाषेत बोलणारी माणसंसुद्धा सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकदा ‘अं?’, ‘कोण?’ किंवा ‘म्हणजे अमुक का?’ असं विचारत होती. यातला तिसरा प्रकार शिकणाऱ्याला सर्वांत उपयोगी. ‘अं?’ म्हटलं की समोरच्याला सगळं वाक्य पुन्हा म्हणावं लागतं. ‘म्हणजे सहा तीस ना?’ विचारलं की ‘हो’ एवढंच पुरतं, आणि आपला अंदाजही तिथल्या तिथे तपासला जातो. मायकल लाँग या भाषाशास्त्रज्ञाने या देवाणघेवाणीवर बरंच काम केलं. मी तिला अर्थाची घासाघीस म्हणतो.

नुसतं ऐकून भागत नाही, हे भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये कॅनडातल्या मुलांवरून दाखवलं. ती मुलं शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकत होती. त्यांना समजायचं उत्तम, पण बोलताना व्याकरण लटपटायचं, कारण बोलण्याची वेळ फारशी यायचीच नाही. बोलायला लागलं की नेमकं काय येत नाही ते कळतं.

म्हणून गप्पा लांब हव्यात. पहिली दहा मिनिटं घोकलेल्या वाक्यांवर निघतात: नाव, गाव, नोकरी, हवा. ती संपली की खऱ्या गोष्टी सुरू होतात आणि शब्द कमी पडू लागतात. त्या सुपाबद्दल माफी मागितली, तेव्हापासून दर गुरुवारी मी बाईंकडे दोन-दोन तास बसू लागलो. एकदा मुरंब्याचा विषय निघाला. चेरीच्या बीला काय म्हणतात ते मला येईना. ‘आतलं ते कठीण, जे आपण खात नाही,’ मी म्हणालो. ‘श्टाइन?’ त्यांनी विचारलं. श्टाइन म्हणजे दगड! जर्मन माणूस चेरीतून दगड काढतो, आणि त्या कामाला क्रियापद आहे, ‘एन्टश्टाइनन’. त्यांनी ते दोनदा म्हणून दाखवलं, मी चारदा.

पुढच्या गुरुवारी टेबलावर किलोभर चेरी आणि दोन सुऱ्या मांडलेल्या होत्या. काय करायचंय ते त्यांनी सांगण्याआधीच तो शब्द माझ्या तोंडून आला.