झोपेत बोलणारा वैद्य आणि त्याचं दप्तर

९ ऑक्टोबर १९१० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मथळा दिला की, एक निरक्षर माणूस संमोहित केल्यावर डॉक्टर होतो. हा माणूस म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातला एडगर केसी (१८७७–१९४५). कोचावर आडवं होऊन डोळे मिटायचे आणि कधी न पाहिलेल्या रोग्याचं दुखणं, त्यावरचा उपाय सांगायचा, अशी त्याची ख्याती होती. या सांगण्याला ‘रीडिंग’ म्हणत.

पण मथळ्यातला पहिलाच शब्द चुकीचा होता. केसीची शाळा लवकर सुटली, हे खरं. तरी तरुणपणी तो पुस्तकांच्या दुकानात नोकरीला होता आणि बायबलची त्याने पारायणं केली होती. ‘निरक्षर’ म्हटलं की लगेच प्रश्न पडतो, मग याला वैद्यकीय शब्द आले कुठून? तो शब्द काढा, चमत्काराचा निम्मा जोर जातो. सुरुवातीच्या काळात त्याला संमोहित करणारा अल लेन ऑस्टिओपॅथीच्या, म्हणजे हाडं-सांधे हाताळून करायच्या उपचारांच्या, नादात होता. पुढचा सहकारी वेस्ली केचम होमिओपॅथ. केसीची गोष्ट बॉस्टनच्या वैद्यकीय वर्तुळात पोचवली ती या केचमनेच, आणि वर्तमानपत्राची बातमी त्यातूनच आली. म्हणजे माहिती देणारा स्वतःच या कामात भागीदार होता.

चरित्रांमधली एक लाडकी कथा १९०२ सालची आहे. झटके येणारी एक लहान मुलगी केसीच्या सांगण्यावरून केलेल्या उपचारांनी बरी झाली. वडिलांचं प्रतिज्ञापत्र आहे, पण ते १९१० सालचं. ते खोटं बोलले असं मी मुळीच म्हणत नाही. मूल बरं झाल्याचा आनंद खराच असणार. पण आठ वर्षांत आठवण जागच्या जागी राहत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मोटार अपघाताची फिल्म दाखवून लोकांना प्रश्न विचारले. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं, तर इतरांना ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द वापरून. आठवड्याने पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांनी फुटलेल्या काचा पाहिल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या १४ टक्क्यांनी. फिल्ममध्ये काचा फुटलेल्याच नव्हत्या. एक शब्द बदलला आणि सात दिवसांत एवढं झालं. मग वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितल्या जाणाऱ्या घरच्या कथेत आजार कधी उतरू लागला, आधीचे उपचार कोणते होते, केसी नेमकं काय म्हणाला, हे तपशील एकमेकांत किती मिसळले असतील!

सप्टेंबर १९२३ पासून चित्र बदलतं. ग्लॅडिस डेव्हिस ही लघुलेखिका कामावर आली आणि शब्दन् शब्द टिपू लागली. पत्नी गर्ट्रूड प्रश्न विचारणार, केसी “होय, देह आपल्यासमोर आहे” अशी सुरुवात करणार, डेव्हिस लिहून घेऊन टंकणार. प्रत रोग्याकडे जाई आणि एक दप्तरात राहत असे. चौदा हजारांहून अधिक रीडिंग्ज अशा जपल्या गेल्या, नावांऐवजी क्रमांक घालून. डेव्हिसच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिच्या आधीच्या वीसेक वर्षांतल्या फार थोड्या रीडिंग्ज उरल्यात, आणि मोठ्या दंतकथा नेमक्या त्या वर्षांतल्या. तो काळ आपल्यापर्यंत येतो तो केसीच्या स्वतःच्या आठवणींतून आणि थॉमस सग्रू यांच्या चरित्रातून. सग्रू हे केसीच्या मुलाचे कॉलेजमधले मित्र. स्वतः आजारी असताना उपचारांसाठी केसीच्याच घरी राहिले होते. त्यांनी घर आतून पाहिलं, हे मोलाचंच. पण १९०२ साली ते तिथे नव्हते. नंतरच्या पुस्तकांनी तीच कथा उचलली की तिला पाच पुस्तकांचा आधार असल्यासारखं वाटतं. मुळात तो एकच असतो.

केसीने सुचवलेल्या एरंडेलाच्या पट्ट्या आजही लोक पोटावर बांधतात, म्हणून हा खल मला महत्त्वाचा वाटतो. आणि १९२३ नंतरचं दप्तरही अर्धंच बोलतं. झोपेत केसी काय म्हणाला याचा तो उत्तम पुरावा आहे. रोग्याला तोच आजार होता का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी त्या वेळच्या डॉक्टरांचे कागद हवेत. काही रीडिंग्जना रोग्यांची पत्रं जोडलेली आहेत. गुण आलेला माणूस आभाराचं पत्र लिहितो. ज्याला आला नाही तो बहुधा दुसरा वैद्य शोधतो, आणि त्याच्या क्रमांकापुढची जागा कोरी राहते.