डेहॉफबाईंची मुळाक्षरं

एकाच पत्राच्या दोन प्रती फाडल्या, पण वेगवेगळ्या जागी. आता कपट्यांवरून मूळ मजकूर लावायचा. एका प्रतीत जिथे फाटलंय, तिथला सलग तुकडा दुसरीत सापडतो. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा; त्यातला मण्यांचा क्रम शोधणं म्हणजे असलंच किचकट काम. इन्सुलिनची अवघी 51 अमिनो आम्लं ओळीने लावायला ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांना दहाएक वर्षं लागली. अमेरिकेत मार्गारेट डेहॉफ आणि रॉबर्ट लेडली या संशोधकांनी 1962 मध्ये ही जुळवाजुळव आयबीएम 7090 संगणकाला करायला लावली.

डेहॉफबाईंना यंत्राची सवय जुनीच. कोलंबिया विद्यापीठातल्या 1948 च्या रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठीही त्यांनी छिद्रांची कार्डं वाचणारी यंत्रं वापरली होती. पुढे मुली लहान असताना काही वर्षं त्या घरी होत्या.

1965 साली त्यांनी 65 प्रथिनांचे क्रम एका पुस्तकात गोळा केले. आजच्या अवाढव्य प्रथिन-डेटाबेसांचं मूळ तिथे आहे. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते दिसायला सगळ्यात छोटं. तेव्हा अमिनो आम्लांची नावं तीन-तीन अक्षरांत लिहीत. संगणकात जागेची चणचण, म्हणून बाईंनी प्रत्येकाला एकच अक्षर दिलं. ग्लायसीनला जी, अ‍ॅलनीनला ए, हे सरळच. फेनिलअ‍ॅलनीनला उच्चारावरून एफ. ट्रिप्टोफॅन दोन कड्यांचा आडदांड गडी, त्याला ऐसपैस डब्ल्यू! पाठांतराची अर्धी कटकट मिटली.

1978 मध्ये त्यांच्या गटाने नात्यातल्या प्रथिनांमधले 1,572 बदल मोजले. उत्क्रांतीत कोणतं आम्ल कोणाच्या जागी सहज खपतं आणि कोणतं नाही, याचा तो तक्ता. दोन प्रथिनांचं दूरचं नातं ओळखायला तो कामी येतो.

जॉर्जटाउन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात त्यांनी तेरा वर्षं शिकवलं. जैवभौतिकीच्या संशोधकांची संस्था असलेल्या बायोफिजिकल सोसायटीच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष. 1983 मध्ये त्या गेल्या. पुढच्याच वर्षापासून ही संस्था त्यांच्या नावाने, संशोधनात नुकत्याच स्थिरावू लागलेल्या स्त्रियांना पुरस्कार देते. नेमका तोच टप्पा, जिथे स्वतः बाईंना थांबावं लागलं होतं.

त्यांचं नाव त्यांच्याच अक्षरांत लिहून पाहा. मार्गारेटची आठही इंग्रजी अक्षरं बसतात: मेथिओनीन, अ‍ॅलनीन, आर्जिनीन, ग्लायसीन, पुन्हा अ‍ॅलनीन, आर्जिनीन, मग ग्लुटामिक आम्ल, थ्रिओनीन. डेहॉफ मात्र अडतं. त्या वीस अक्षरांत ‘ओ’ नाही.