दात बघायचे की वजन?

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढली जाते आणि गिऱ्हाईक फेसाळ पेला उभ्या उभ्याच रिकामा करतं. त्या म्हशीची आधीची तीन-चार वर्षं मात्र बिनदुधाची गेलेली असतात. रेडी, म्हणजे अजून न व्यालेली तरुण म्हैस, माजावर कधी येते, म्हणजे जुगायला कधी तयार होते, गाभण कधी राहते, याकडे मालकाचे डोळे लागलेले. बाजारात वयाचा दाखला कोण मागणार? जबडा उघडून दात बघायचे : आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, मग पक्के दात येतील तशी दोनदाती, चारदाती.

शास्त्रानंही पुष्कळ काळ वर्षंच मोजली. कोणतं जनावर कितव्या वर्षी जुगतं, याच्या नोंदी ॲरिस्टॉटलनं केल्या होत्या. १९०० मध्ये वॉल्टर हीप या इंग्रज अभ्यासकानं माजाच्या टप्प्यांना नावं दिली. त्यासाठी घेतलेला 'इस्ट्रस' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ गोमाशी! आपल्या 'माज' शब्दात निदान रुबाब तरी आहे.

खरी कलाटणी १९२७ ची. स्मिथ आणि एंगल यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा तुकडा उंदराच्या कोवळ्या पिलांत बसवला, आणि पिलं वेळेआधीच वयात आली. म्हणजे बीजांडकोश आधीपासून तयार असतो, अडतं ते वरून हुकूम येण्यावाचून. हुकूम कशावर ठरतो? १९६३ मध्ये केनेडी आणि मित्रा यांनी उंदरांवरच दाखवलं की वयापेक्षा वजनाशी त्याचा मेळ जास्त बसतो. १९९४ मध्ये चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक सापडलं. दोनच वर्षांत, ते टोचल्यावर वांझ उंदरीण गाभण राहिली. अंगात साठा आहे, ही खबर मेंदूला पोचवणाऱ्यांपैकी ते एक.

म्हणूनच डॉक्टर आता रेडीच्या छातीला टेप लावून वजनाचा अंदाज घेतात. पूर्ण वाढीच्या साधारण ६० टक्के भरलं की रेतनाचं बोलायचं. पहिला माज आला म्हणजे वासरू पेलायची ताकद आली असं नव्हे. वैरणीत हात आखडला, तर दात येतात पण माज येत नाही.

त्यात म्हशीचा माज मुका. उन्हाळ्यात ती ओरडत नाही, सोट, म्हणजे माजात योनीतून येणारा चिकट स्राव, दिसतो न दिसतो, तोही बहुधा रात्री. मालक झोपलेला असला की पुढचे २१ दिवस पुन्हा वाट बघायची.