चतुर निघाले आफ्रिकेला

दसऱ्याच्या आसपास संध्याकाळी पाच-साडेपाचला पुण्यातल्या कुठल्याही मोकळ्या मैदानावर जाऊन मान वर करा. मुलांच्या क्रिकेटवर, दोन-तीन माणसं उंचीवर, पिवळसर तपकिरी चतुरांचा थवा घिरट्या घालत असतो. लहानपणी आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधायचो. आता ते आठवलं की लाज वाटते, कारण त्या दोऱ्याने आम्ही कुणाला अडवत होतो हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

हा चतुर म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स. लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. बहुतेक चतुर आपापलं तळं धरून राहतात, याला मात्र घर नाही. पाऊस पडेल तिथे जायचं, साचलेल्या पाण्यात अंडी घालायची, डबकं आटायच्या आत पिल्लांनी वाढून उडून जायचं. ही वाढ अनेकदा दीड-दोन महिन्यांतच उरकते. वेताळ टेकडीवरच्या दगडखाणीत साचलेलं पावसाचं पाणी त्याला चालतं, बांधकामावरचा खड्डाही चालतो. चकचकीत गाडीच्या बॉनेटवर शेपूट टेकवणारा चतुर तुम्ही पाहिला असेल. पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवित प्रकाशावरून चतुर पाणी ओळखतात, आणि धुतलेली गाडी त्यांच्या डोळ्यांना तळ्यासारखीच दिसते. अंडी अर्थातच वाया जातात.

चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत असत. ऑक्टोबर आला की तिथे हजारोंनी चतुर उतरतात हे त्यांच्या लक्षात आलं. मालदीवच्या प्रवाळ बेटांवर गोडं पाणी जवळजवळ साचतच नाही, मग हे येतात कुठून? वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून त्यांनी 2009 मध्ये मांडलं की हे चतुर भारतातून येतात आणि पुढे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जातात. त्या दिवसांत मालदीवमध्ये जमिनीलगत वारा उलटा, पश्चिमेकडून वाहत असतो. पण हजारेक मीटर वर गेलं की ईशान्येकडून येणारा वारा मिळतो, आणि चतुर त्यावर तरंगत जातात. मागचे रुंद पंख त्यासाठीच आहेत. 2012 मध्ये मालदीवच्या चतुरांच्या पंखांमधल्या हायड्रोजनची तपासणी झाली. ज्या पाण्यात पिल्लू वाढतं त्याची खूण या हायड्रोजनमध्ये उरते, आणि ती खूण उत्तर भारताकडे, कदाचित त्याच्याही पलीकडे बोट दाखवत होती. ट्रान्समीटर बांधून कुणी एका चतुराचा हा सगळा प्रवास पाहिलेला नाही. इतक्या हलक्या जिवाला तो पेलणारच नाही.

याच वाटेवर त्यांच्या मागोमाग एक पक्षी निघतो. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनमधून दक्षिण आफ्रिकेकडे जाताना नागालँडमध्ये थांबतो, मग भारताचा द्वीपकल्प पार करून अरबी समुद्रावर झेपावतो. नोव्हेंबरात लोणावळ्याच्या परिसरात तो बघायला दुर्बिणी घेऊन लोक जमतात. दीडशे ग्रॅमच्या आसपासचा हा पक्षी समुद्रावर खातो काय, याचं एक पटण्यासारखं उत्तर म्हणजे शेजारून उडणारे चतुर.

आपल्याकडच्या शरदात पानं गळत नाहीत, ती गळतात माघ-फाल्गुनात. इथला शरद ओळखायचा तो किड्यांवरून आणि ते खायला आलेल्या पाहुण्यांवरून. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच ओढ्याकाठी करडा धोबी हजर होतो: पोट पिवळं, शेपूट सतत वरखाली. मागोमाग हिरवट वटवट्या येतो. हा दिसण्याआधी ऐकू येतो, कारण आल्या आल्या तो चार झाडांची हद्द आखतो आणि हिवाळाभर ‘चिस्वीट, चिस्वीट’ करत ती राखतो. मग लाल कंठाची माशीमार, जिचा उन्हाळा पूर्व युरोपात किंवा मध्य आशियात गेलेला असतो. तारेवरचे कोतवाल आणि वेडे राघू इथलेच, पण चतुरांचा थवा आला की त्यांचीही दिवाळी. राघू पकडलेला चतुर फांदीवर आपटून आपटून मग गिळतो, ते दोन मिनिटं थांबून बघाच.

माझं आवडतं ठिकाण मात्र रुईचं झुडूप. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो तीच रुई. तिच्या पानांवर बिबळ्या कडवा या केशरी फुलपाखराची काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी सापडते. रुईचा विषारी चीक अळीला बाधत नाही. उलट ते विष ती अंगात साठवते आणि फुलपाखरू झाल्यावरही ते टिकतं. एकदा चाखून थुंकलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. याचा फायदा उठवते छोटा चांदवा या फुलपाखराची मादी. तिची अळी वाढते घोळीवर, म्हणजे आपण जिची भाजी करतो त्यावर. मादीच्या अंगात विष नाही, पण रूप हुबेहूब कडव्याचं. ओळखायची तर मागच्या पंखांच्या मध्यावर बघा: खऱ्या कडव्याला तिथे तीन-चार काळे ठिपके असतात, हिला ते नसतात. तिचा नर मात्र सरळ काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. दोघं एकाच जातीची असतील असं पहिल्यांदा सांगूनही पटत नाही.

एक रागाची गोष्ट. आमच्या जवळच्या टेकडीच्या पायथ्याशी ऐन ऑक्टोबरात सफाई म्हणून गवत, रुई, सोनकी सगळं मुळासकट काढलं गेलं. पुढच्या रविवारी माशीमार आली, दोनदा शेपूट उडवली आणि निघून गेली.

दिवाळी उलटली की मैदानावरचे चतुर विरळ होतात. जूनमध्ये पावसाच्या वाऱ्याबरोबर पुन्हा दिसतील ते हे नसतील. आफ्रिकेतल्या पावसावर वाढलेली त्यांची नातवंडं-पतवंडं असतील, आणि खाणीत पाणी साचायची वाट बघत असतील.