सात्मीकरण आणि यकृत

सात्मीकरण : पचलेल्या अन्नातून शोषलेले घटक शरीराने आपलेसे करणे. या घटकांपासून ऊर्जा मिळते, नव्या पेशी घडतात आणि उरलेले पुढच्या गरजेसाठी साठवले जातात. शालेय पुस्तकांत पचनाला पानेच्या पाने मिळतात आणि सात्मीकरणाची एका ओळीत बोळवण होते. खरे तर अन्न अंगी लागते ते याच टप्प्यावर. आपण दिवसातून दोन-तीनदा जेवतो, पेशींना मात्र इंधन क्षणोक्षणी लागते. ही तफावत सांभाळण्याचे काम मुख्यतः यकृत करते.

लहान आतड्याच्या आतल्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांतून, म्हणजे रसांकुरांतून, साध्या शर्करा आणि ॲमिनो आम्ले रक्तात उतरतात. हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही, प्रवेशिका नीलेतून आधी यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या नीलेतूनच येते. बहुतेक स्निग्ध पदार्थांची वाट वेगळी असते. आतड्याच्या पेशी त्यांचे सूक्ष्म थेंब बनवून लसीकावाहिन्यांत (रक्तवाहिन्यांहून वेगळ्या, लसीका हा द्रव वाहून नेणाऱ्या नलिकांत) सोडतात. हे थेंब छातीतून वर चढून मानेच्या मुळाशी डावीकडे रक्तात मिसळतात आणि आधी मेदपेशी व स्नायूंना मिळतात. तुपकट जेवणानंतर काही तासांनी रक्त काढले, तर त्यातला द्रवभाग दुधासारखा गढूळ दिसतो, तो या थेंबांमुळे.

निरोगी प्रौढाच्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असते जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि यकृत जादा ग्लुकोजच्या साखळ्या जोडून ग्लायकोजेन बनवते. असे सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन यकृतात मावते. रात्री झोपेत ग्लुकॅगॉन या स्वादुपिंडाच्याच दुसऱ्या संप्रेरकाचा इशारा मिळाला की याच साखळ्या तोडून ग्लुकोज रक्तात सोडले जाते. स्नायूंतला साठा याच्या कितीतरी पट मोठा, पण तो तोडून मोकळे ग्लुकोज रक्तात सोडणारे विकर स्नायूंत नसते. स्नायूचा साठा स्नायूलाच पुरतो, यकृताचा मात्र सगळ्यांसाठी असतो.

हे ज्या प्रयोगाने उलगडले तो फार देखणा आहे. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५५ मध्ये मांसावर पोसलेल्या कुत्र्याचे यकृत बाहेर काढले आणि त्याच्या रक्तवाहिन्यांतून सुमारे ४० मिनिटे थंड पाणी सोडले. शेवटी बाहेर येणाऱ्या पाण्यात साखरेचा मागमूस राहिला नाही. ते धुतलेले यकृत त्यांनी तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतात तर त्यात भरपूर साखर! रक्त नाही, अन्न नाही, तरी साखर आली, म्हणजे ती यकृतातच दडलेल्या पदार्थापासून तयार झाली होती. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला, तेच ग्लायकोजेन.

उपवास दिवसभराहून अधिक लांबला की हा साठा संपत येतो. मग यकृत ॲमिनो आम्ले, ग्लिसरॉल आणि लॅक्टेट यांच्यापासून नवे ग्लुकोज घडवते. मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये तयार करून ते मेंदूलाही पर्यायी इंधन पुरवते.

ॲमिनो आम्लांचा साठा मात्र शरीर करू शकत नाही. त्यांतून यकृत अल्ब्युमिन (रक्तातले पाणी वाहिन्यांत धरून ठेवणारे प्रथिन) आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने तयार करते. जादा ॲमिनो आम्ले इंधन म्हणून वापरताना सुटणारा अमोनिया विषारी असतो. यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. हे रूपांतर ज्या रासायनिक चक्रातून होते, ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट या शास्त्रज्ञांनी १९३२ मध्ये उलगडले. याशिवाय अ जीवनसत्त्व, ब१२ आणि लोह यांचे साठेही यकृतातच असतात.

यकृताची राखीव क्षमता मोठी असल्याने बिघाड बराच वाढेपर्यंत कळत नाही. मग अल्ब्युमिन घटून पायांवर सूज येते आणि रक्त गोठवणारी प्रथिने कमी पडून किरकोळ धक्क्यानेही त्वचेवर काळे-निळे डाग पडतात. अमोनियासारखी विषारी द्रव्ये साचली की रुग्ण गोंधळतो. त्याला हात पुढे ताठ धरून पंजे वर उचलायला सांगितले, तर ते पुन्हा पुन्हा लटपटत खाली पडतात.