शहाबादी फरशीतलं नेचं

सोलापुरातल्या आमच्या जुन्या घरात, माजघराच्या उंबऱ्याला लागून असलेल्या शहाबादी फरशीवर एक काळं झाड होतं. बोटभर उंच, मधे एक बारीक दांडी, तिला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. आजी सांगायची, दगड ओला असताना त्यात नेच्याचं पान सापडलं आणि तसंच राहिलं. मीही बरीच वर्षं तेच खरं धरून चाललो.

पण शहाबादी फरशी हा चुनखडक आहे. सोलापूरहून कलबुर्गीच्या पुढे गेलं की वाडी-शहाबादच्या भागात त्याच्या खाणी लागतात. हा खडक उथळ समुद्राच्या तळाशी थराथरानं साचला, तो ५४ कोटी वर्षांहूनही आधी. जमिनीवर वनस्पती आल्या साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी. खडक तयार झाला तेव्हा पृथ्वीवर नेचं नव्हतंच, मग त्याचा ठसा कुठून उमटणार?

ते झाड मँगनीज या धातूचं आहे. भूशास्त्रात त्याला डेंड्राइट म्हणतात. खडकाच्या दोन थरांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी झिरपतं. त्यात विरघळलेलं मँगनीज असतं. वाटेत ऑक्सिजन भेटला की त्याचा काळा ऑक्साइड होतो आणि तिथेच बसतो. बसलेल्या कणाचं जे टोक पुढे आलेलं असतं, तिथे नवा माल आधी पोचतो. त्यामुळे टोक आणखी पुढे जातं, मग त्याला फाटे फुटतात. कुठलंही बी नसताना दगडात झाड वाढतं ते असं. आजीची गोष्ट खोटी ठरली याचं मला वाईट वाटलं नाही, कारण खरी गोष्ट तिच्याहून मोठी निघाली.

या गोष्टीचं मर्म एवढंच: ऑक्सिजन नसेल तिथे मँगनीज पाण्याबरोबर चालतं, ऑक्सिजन भेटला की थांबतं आणि काळं पडतं. मँगनीजचा अणू वेगवेगळ्या संख्येनं इलेक्ट्रॉन सोडू शकतो. दोन सोडले की तो पाण्यात सहज विरघळतो आणि डोळ्याला दिसतही नाही. चार सोडले की काळा, न विरघळणारा मँगनीज डायऑक्साइड होतो. पायरोलुसाइट हे खनिज म्हणजे तोच. सात सोडले की जांभळं पोटॅशियम परमँगनेट. पूर्वी पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचे ते ‘लाल औषध’ हेच. ते समोरच्याकडून इलेक्ट्रॉन इतक्या जोरानं ओढून घेतं की त्यात जंतू मरतात.

सोलापूरच्या पायाखाली बेसॉल्ट आहे, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्यात मँगनीजची वेगळी खनिजं शोधून सापडणार नाहीत. ते पायरॉक्सीनसारख्या खनिजांत लोहाच्या जागेवर गुपचूप बसलेलं असतं, कारण दोघांच्या अणूंचा आकार जवळजवळ सारखा. प्रमाण हजारात एक-दीड भाग. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण एक घनमीटर पाषाणात साधारण चार किलो मँगनीज होतं. पाषाण कुजून मुरूम झाला, मुरमाची माती झाली, की ते मोकळं होतं आणि पाण्याबरोबर निघतं.

त्याची गाठ आपल्याला बोअरच्या पाण्यात पडते. मी आता राहतो त्या इमारतीत बोअरचं पाणी उपसलं तेव्हा अगदी काचेसारखं होतं. दोन दिवसांनी टाकीच्या भिंतीला बोट लावलं तर काजळी लागली. शेजाऱ्यांना वाटलं, मोटारीचं ऑइल गळतंय. पण ते ऑइल नव्हतं. खोलवरच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, तिथे मँगनीज विरघळलेलं राहतं. पाणी वर येऊन हवा लागली की लोह लवकर गंजतं आणि तांबूस गाळ होऊन बसतं. मँगनीज मात्र चिवट आहे. साध्या पाण्यात नुसत्या हवेनं त्याचं ऑक्सिडीकरण, म्हणजे त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं, फार सावकाश होतं. पण एकदा कुठे काळा थर बसला, की तो थर स्वतःच पुढच्या मँगनीजला धरून ठेवतो आणि काळं करतो. काही जिवाणूही या कामाला हातभार लावतात. म्हणून पहिला डाग पडायला वेळ लागतो, मग पाइप भराभर काळे होतात. पाणी शुद्ध करणारे याच गुणाचा उपयोग करतात: मँगनीज डायऑक्साइडचा लेप दिलेल्या वाळूतून पाणी सोडलं की विरघळलेलं मँगनीज वाळूलाच चिकटून राहतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालतं. पाणी उकळून मँगनीज जात नाही, हे लक्षात ठेवायला हवं. शरीराला ते थोडं लागतंच, पण जास्त झालं तर मेंदूवर परिणाम होतो. मँगनीजची धातुकं दळणाऱ्या कामगारांना चालता-बोलताना होणारा त्रास कूपर या स्कॉटिश डॉक्टरनं १८३७ मध्येच नोंदवला होता.

टॉवेल-चादरींच्या या गावात एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. मँगनीजच्या पाण्यात धुतलेल्या पांढऱ्या टॉवेलवर तपकिरी झाक आली की हात आधी ब्लीचिंग पावडरकडे जातो. तसं करू नका. ब्लीच म्हणजे ऑक्सिडीकरणच. जे मँगनीज अजून विरघळलेलं आहे, तेही त्यानं काळं होऊन धाग्यात पक्कं बसतं. कापड हायड्रोजन पेरॉक्साइडनं शुभ्र करणाऱ्यांनाही पाण्यातल्या लोह-मँगनीजवर डोळा ठेवावा लागतो. हे धातू पेरॉक्साइड वेळेआधीच फोडून टाकतात आणि सूतही कमकुवत होतं.

शेतात नेमकी उलटी अडचण. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या चुनखडीच्या मुरमाड रानात डाळिंबाच्या कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळट पडतो, तेव्हा लोहाची, जस्ताची किंवा मँगनीजची कमतरता असू शकते. मातीत एकूण मँगनीज किलोला शेकडो मिलिग्रॅम असतं, पण पिकाला घेता येईल असं उपलब्ध मँगनीज २ मिलिग्रॅमच्याही खाली गेलेलं असू शकतं. मातीचा सामू (आम्ल-अल्कपणा दाखवणारा आकडा, pH) आठच्या वर गेला की मँगनीजचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर सोपं होतं, आणि ऑक्साइड मुळाला घेता येत नाही. वापसा असलेल्या, हवा खेळत्या मातीत हे जास्त घडतं. पाणी तुंबलं, हवा संपली, की तेच मँगनीज पुन्हा विरघळतं. पण तुंबलेल्या पाण्यात डाळिंबाची मुळंच गुदमरतात, तेव्हा तो उपाय नव्हे. म्हणून मँगनीज सल्फेट जमिनीत टाकण्यापेक्षा पानांवर फवारतात. पण आधी माती आणि पानं तपासून घ्यावीत, कारण तिन्ही कमतरतांची पिवळाई दिसायला जवळजवळ सारखीच.

झाडाला मँगनीज लागतं कशाला, याचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत थक्क करणारं वाटतं. हिरव्या पानात पाणी फोडणारी एक जागा आहे. तिथे मँगनीजचे ४ अणू आणि कॅल्शियमचा १ अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी एकत्र बांधलेले असतात. प्रकाशाचा एकेक कण आला की हा गट एकेक इलेक्ट्रॉन देतो. असे ४ दिले की पाण्याच्या २ रेणूंकडून ते ४ परत घेतो, आणि ऑक्सिजनचा १ रेणू बाहेर पडतो. आपण घेतो त्या श्वासातला ऑक्सिजन याच जागेतून आला. मँगनीजला काळं पाडणारा ऑक्सिजन हवेत भरला, तो मँगनीजच्याच हातून.

त्या ऑक्सिजननंच पुढे खाणी घडवल्या. प्राचीन समुद्रांच्या खोल, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात लोह आणि मँगनीज दोन्ही विरघळून साठायची. ते पाणी उथळ किनाऱ्याकडे आलं की लोह आधी खाली बसायचं आणि मँगनीज, त्याला जास्त ऑक्सिजन लागतो म्हणून, पुढे जाऊन वेगळं साचायचं. आपल्या बोअरच्या टाकीत दोन दिवसांत घडतं तेच, फक्त सागराच्या मापानं. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातल्या बालाघाटचे साठे असे समुद्रात साचले. नंतर उष्णता आणि दाबाखाली त्यांतून ब्राउनाइटसारखी खनिजं बनली. तिथल्या मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्‌झच्या खडकाला फर्मर या भूशास्त्रज्ञानं गोंड लोकांच्या नावावरून ‘गोंडाइट’ म्हटलं, आणि जगभर तेच नाव चालतं. सोलापूरच्या पाषाणात मँगनीज भरपूर असूनही खाण नाही, कारण इथे ते गोळा करणारा समुद्र नव्हता.

खाणीतलं बहुतेक मँगनीज पोलादात जातं. लोखंडात गंधक राहिलं की तापवून ठोकताना ते तडकतं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याशी बांधून घेतं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्डनं साधारण १२-१३ टक्के मँगनीजचं पोलाद बनवलं, आणि ते घाव बसतील तसं पृष्ठभागावर कठीण होत गेलं. सोलापूर स्टेशनाबाहेर जिथे एक रूळ दुसऱ्याला छेदतो, तिथे गाडीचं प्रत्येक चाक आदळतं. अशा क्रॉसिंगसाठी रेल्वे मँगनीज पोलादाचं ओतीव काम वापरते. आपला पाषाण फोडून खडी करणाऱ्या क्रशरचे जबडेही त्याच पोलादाचे. लहानपणी भिंतीच्या घड्याळाचा सेल फोडून हात काळे केले असतील, तर ती पूड मँगनीज डायऑक्साइड आणि कार्बनची. ती पूड इलेक्ट्रॉन घेते, म्हणून काटे फिरतात.

बाथरूमच्या चिनी मातीच्या भांड्यावर पडलेले मँगनीजचे डाग मी घासत बसत नाही. क जीवनसत्त्वाची एक साधी गोळी कुटून, ओली करून त्यांवर लावून ठेवतो. ती मँगनीजला इलेक्ट्रॉन परत देते, काळा ऑक्साइड पुन्हा विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. शहाबादी फरशीवर मात्र हे करून पाहू नका. ती गोळी आम्ल आहे, ते चुनखडक खातं. आजीच्या उंबऱ्यापाशी फरशी खरखरीत झाली असती, आणि झाडही गेलं असतं.